सुवर्णभस्म, किरणोत्सारी सुवर्ण आणि आपला विवेक

गतवर्षी धान निसवण्याच्या दिवसांत आमगाव तालुक्यातील एक शिक्षक आपल्या पत्नीसह माझ्या चिकित्सालयात आले. पत्नीच्या अवटु ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या कर्करोगावर नागपुरात शस्त्रकर्म झाले होते आणि पुढील उपचार म्हणून किरणोत्सारी आयोडीन घेण्याचा सल्ला तेथील तज्ज्ञांनी दिला होता. शिक्षक महाशयांनी पिशवीतून एक रंगीत पत्रक काढून माझ्यासमोर ठेवले. सुवर्णाचे नॅनोकण असलेल्या एका औषधाचे ते पत्रक होते. सुवर्णकण कर्करोगाच्या पेशीत शिरून तिचा नाश करतात, हे अमेरिकेत सिद्ध झाले आहे, आणि हे ज्ञान आपल्या ऋषिमुनींना पूर्वीच होते, असा त्यातील मजकूर. पत्रक त्यांना एका औषधी दुकानात मिळाले होते.

ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आपल्याच शास्त्रातलं सोनं जर अमेरिकेत कॅन्सरवर चालतं, तर हिला ते अणूचं औषध कशाला पाजायचं?"

प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तरही सरळच द्यावयास हवे होते. परंतु उत्तर देताना माझ्या ध्यानात आले की, आपल्यापैकी अनेकांना या विषयाची पुरेशी माहिती नाही आणि ज्यांना थोडी आहे त्यांना तिचा मोह पडू लागला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम किरणोत्सारी द्रव्य शरीरात देऊन केल्या जाणाऱ्या उपचाराचे स्वरूप पाहू. बाहेरून यंत्राद्वारे दिल्या जाणाऱ्या किरणोपचारात किरण त्वचा, मांस इत्यादींतून जाऊन अर्बुदापर्यंत पोहोचतात आणि वाटेतील निरोगी धातूंनाही त्यांची झळ लागते. अंतर्गत उपचारात किरण सोडणारे द्रव्यच अर्बुदाच्या ठिकाणी नेऊन ठेवावयाचे असते. ते द्रव्य बीटा कण सोडते. या कणांची धाव शरीरात काही मिलिमीटरांपुरतीच असल्याने त्यांचा आघात बहुतांशी तेथल्या तेथेच होतो. सारा प्रश्न उरतो तो हे द्रव्य नेमके अर्बुदातच कसे पोहोचवावे, एवढाच.

अवटु ग्रंथीच्या बाबतीत हा प्रश्न निसर्गानेच सोडविला आहे. आयोडीन ओढून घेणे हा त्या ग्रंथीचा स्वभावच होय. कर्करोग झालेल्या अवटु-पेशींपैकी पुष्कळशा पेशींतही तो स्वभाव टिकून राहतो. त्यामुळे आयोडीन-१३१ मुखावाटे दिले असता ते त्या पेशींत, त्या शरीरात कोठेही पसरलेल्या असल्या तरी, जाऊन बसते. त्याचे अर्धायुष्य सुमारे आठ दिवसांचे आहे, म्हणजे दर आठ दिवसांनी त्याची शक्ती निम्मी होते. किरणोत्सारी आयोडीनचा पहिला उपचार १९४१ साली अमेरिकेत बोस्टन येथे अवटुच्या अतिस्रावावर झाला. आपल्याकडे ट्रॉम्बे येथे १९५६ साली अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि १९६३ साली मुंबईत परळ येथे, टाटा स्मारक रुग्णालयाच्या सान्निध्यात, भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. तेथे हा उपचार अनेक दशके नित्य चालू आहे. गोंदियाहून सुटणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसने दादरला उतरून परळ गाठणारे आपल्या जिल्ह्यातील रुग्ण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. आता नागपुरातही न्यूक्लिअर मेडिसिनची सोय झाली आहे.

सुश्रुताचार्यांनी अर्बुदाच्या चिकित्सेत एक इशारा देऊन ठेवला आहे. अर्बुदाचा दोष थोडाही शेष राहिला तर ते लवकरच पुन्हा उत्पन्न होते, असे ते सांगतात. म्हणून ते निःशेष काढावे असा त्यांचा आग्रह आहे. शस्त्रकर्मानंतर राहिलेला अवटुचा अंश आयोडीनने नष्ट करण्यामागील हेतू याहून फारसा वेगळा नाही. शिक्षक महाशयांना मी प्रथम हीच गोष्ट सांगितली.

इतर अर्बुदांच्या बाबतीत निसर्गाने अशी सोय ठेवलेली नाही. तेथे किरणोत्सारी द्रव्याला वाहक लागतो. अनुपानाची आणि योगवाही द्रव्याची कल्पना ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्या आपल्या वाचकांना हे समजावयास कठीण जाऊ नये. काही विशिष्ट ग्रंथिज अर्बुदांच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या स्रावाचे ग्राहक मोठ्या संख्येने असतात. त्या ग्राहकांना चिकटणाऱ्या रेणूला ल्युटेशियम-१७७ जोडून शिरेतून दिले जाते. त्याचे अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडे अधिक आहे. हे ल्युटेशियम ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार होते. यकृताच्या अर्बुदासाठी दुसरी युक्ती आहे. निरोगी यकृताला बहुतांश रक्त प्रतिहारिणी शिरेतून मिळते, तर अर्बुद आपले पोषण मुख्यतः यकृताच्या धमनीतून घेते. म्हणून त्या धमनीत नळी घालून इट्रियम-९० असलेले काचेचे सूक्ष्म गोळे सोडतात. ते अर्बुदाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून राहतात आणि आतून किरण देतात. परदेशी गोळ्यांचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. भाभा अणुसंशोधन केंद्राने असे गोळे स्वदेशात विकसित करून त्यांना 'भाभास्फिअर' असे नाव दिले आहे.

हे गोळे मायक्रॉनच्या मापाचे, म्हणजे साधारणपणे २० ते ३० मायक्रॉन व्यासाचे असतात. नॅनोकण याहून सुमारे हजारपट लहान. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्या लहान कणात किरणोत्सारी सुवर्ण घालून ते अर्बुदात पोहोचविता येईल काय, हा आजच्या संशोधनाचा विषय आहे, आणि येथेच आपल्या सुवर्णभस्माचे नाव पुढे येते.

निसर्गात आढळणारे सर्व सोने सुवर्ण-१९७ या एकाच समस्थानिकाचे असून ते पूर्णतः स्थिर असते. अणुभट्टीत त्यावर न्यूट्रॉनांचा मारा केला की त्याचे सुवर्ण-१९८ होते. ते किरणोत्सारी असून त्याचे अर्धायुष्य २.७ दिवसांचे आहे. किरणोत्सारी सुवर्णाचा द्रव उदरात किंवा फुप्फुसावरणात सोडण्याचे प्रयोग अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातच झाले होते. पुढे त्याचे दुष्परिणाम दिसून आले, अधिक सुरक्षित उपाय उपलब्ध झाले आणि तो उपचार मागे पडला.

अलीकडच्या काळात या विषयाला पुन्हा चालना देणाऱ्यांत डॉ. कट्टेश कट्टी यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागेल. ते मूळचे धारवाडचे असून अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात प्राध्यापक आहेत. त्यांच्या गटाने सुवर्ण-१९८ चे नॅनोकण प्रथम अरबी डिंकात आणि नंतर हिरव्या चहातील एका घटकात गुंफले. आपल्या बाभळीच्या कुळातील झाडाचाच हा अरबी डिंक. चहातील घटक प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींवर अधिक प्रमाणात असणाऱ्या एका ग्राहकास चिकटतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, मानवी प्रोस्टेट अर्बुद रुजविलेल्या उंदरांच्या अर्बुदात हे कण टोचले असता २४ तासांनंतर सुमारे ७२ टक्के कण तेथेच टिकून होते आणि २८ दिवसांनंतर, उपचार न मिळालेल्या उंदरांच्या तुलनेत, अर्बुदाचे आकारमान सुमारे ८० टक्क्यांनी कमी भरले. डिंकातील कणांची सुरक्षितता प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या कुत्र्यांमध्येही तपासण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. आमच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनीही किरणोत्सारी सुवर्ण-नॅनोकणांवर प्रयोग केले आहेत.

हे सारे अभिमानास्पद आहे. तथापि पत्रक लिहिणाऱ्याने जे वगळले तेही वाचकांनी पाहावे. पहिली गोष्ट, ते अर्बुद उंदरातील होते. दुसरी, कण सुईने थेट अर्बुदात टोचलेले होते. शिरेतून दिलेले नॅनोकण रक्तात फिरू लागताच यकृत आणि प्लीहा यांतील भक्षक पेशी त्यांना पकडून ठेवतात. मागील दहा वर्षांतील प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा घेणारा एक निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिलेल्या मात्रेपैकी अर्बुदापर्यंत पोहोचणाऱ्या नॅनोकणांचे मध्यक प्रमाण केवळ ०.७ टक्के आढळले. हजारांत सात! शिरेतून दिलेल्या कणांची ही गत. मग मुखावाटे घेतलेले, महास्रोतसातून जाणारे भस्म अर्बुदात जाऊन बसते असे ज्याला म्हणावयाचे असेल, त्याने त्याचा पुरावा आधी पुढे ठेवावा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या उंदरांचे अर्बुद आटविले ते किरणोत्साराने. सुवर्ण तेथे किरणांचे वाहन होते.

आपल्या बरणीतील सुवर्णभस्म किरणोत्सारी नाही आणि कितीही पुटे दिली तरी ते तसे होणार नाही. अग्नीचा प्रभाव द्रव्याच्या बाह्य रचनेवर चालतो. अणूच्या गाभ्यापर्यंत गजपुटाचा अग्नी पोहोचत नाही. तेथे न्यूट्रॉनच लागतो आणि तो अणुभट्टीत मिळतो. त्यातही सुवर्ण-१९८ हे साठविण्याचे द्रव्यच नव्हे. दहा अर्धायुष्ये, म्हणजे २७ दिवस लोटले की त्याची शक्ती मूळच्या सुमारे एक सहस्रांशावर येते. ते दुकानाच्या फळीवर ठेवून विकता येत नाही. आणखी एक मौजेची गोष्ट अशी की, किरणोत्सार संपता संपता या सुवर्णाचे रूपांतर पारदात होते. पारदाचे सुवर्ण व्हावे म्हणून ज्या रससिद्धांनी आयुष्ये वेचली, त्यांना अणुभट्टीने नेमके उलटे उत्तर दिले म्हणावयाचे!

मग साम्य काहीच नाही काय? आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००७ साली सुवर्णभस्माचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यात सुवर्णाचे स्फटिककण सरासरी ५६ ते ५७ नॅनोमीटरचे आढळले. मात्र ते एकमेकांस चिकटून मोठे पुंजके झालेले होते. वारितरत्व, रेखापूर्णत्व, निश्चंद्रत्व या आपल्या भस्मपरीक्षा सूक्ष्मतेचा शोध घेणाऱ्याच आहेत. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात आमच्या रसाचार्यांनी धातूला इतके सूक्ष्म केले, याचा अभिमान मलाही वाटतो. परंतु आकाराचे साम्य म्हणजे कर्माचे साम्य नव्हे. काजळी आणि हिरा दोन्ही कार्बनचेच असतात म्हणून काजळीला कोणी हिऱ्याचा भाव देत नाही. द्रव्य, गुण, वीर्य, विपाक आणि प्रभाव यांचा पृथक् विचार करण्यास ज्या शास्त्राने आपल्याला शिकविले, त्याच शास्त्राचे अनुयायी केवळ 'सुवर्ण' आणि 'सूक्ष्म' हे दोन शब्द जुळले म्हणून फलश्रुती उचलून आणू लागले, तर तो शास्त्राचाच अनादर ठरेल.

येथे कोणी म्हणेल की, डॉ. कट्टी यांच्याच गटाने 'नॅनो सुवर्णभस्म' या नावाने औषध सिद्ध केले आहे. होय, केले आहे. आंब्याच्या सालीतील द्रव्यांनी वेष्टित अशा या सुवर्ण-नॅनोकणांत किरणोत्सार नाही. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांमधील त्याचा प्राथमिक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. परंतु त्या अभ्यासाची मांडणी नीट वाचावी. एका गटाला प्रचलित आधुनिक उपचार देण्यात आले आणि दुसऱ्या गटाला तेच उपचार देऊन त्यांच्या जोडीला हे औषध देण्यात आले. आधुनिक उपचार कोणाचेही थांबविलेले नव्हते. शिवाय प्राथमिक अभ्यास म्हणजे पुढच्या मोठ्या अभ्यासाची वाट उघडणारी पायरी; तिच्या बळावर रुग्णाला निर्णय देता येत नाही. ते औषध ज्या पद्धतीने प्रयोगशाळेत बनविले गेले ती पद्धती आपल्या रसशाळेतील शोधन-मारणाहून सर्वस्वी भिन्न आहे. त्या नावाचा लाभ गजपुटात सिद्ध केलेल्या भस्माच्या डबीस मिळू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे आणि तो मी आपल्याच जिल्ह्याच्या एका बैठकीत ऐकला आहे. "परदेशी लोक आपलेच ज्ञान घेऊन पेटंट मिळवितात आणि आम्ही मात्र आमच्याच औषधाविषयी तोंड मिटून बसावयाचे काय?" या वेदनेत तथ्य आहे. पण त्यावरचा उपाय कोणता? त्यांनी पाच-पंचवीस वर्षे प्रयोगशाळेत घालविली, कणांचे माप घेतले, उंदीर मोजले, अपयशही नोंदविले. त्यांच्या श्रमांचे फळ आपण पत्रकाच्या एका ओळीत वापरावयाचे, हा उपाय खासच नव्हे. आपल्या भस्माच्या प्रत्येक घाणीची नोंद ठेवणे, तिच्या कणांचे आणि तिच्यातील पारदाच्या अवशेषाचे परीक्षण करून घेणे, दिलेल्या रुग्णांची टिपणे जतन करणे, हे काम गोंदियातही होऊ शकते. तोंड मिटून बसावे असे कोणीच म्हणत नाही. जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलावे, इतकेच म्हणणे आहे.

मी हे कोणाला उपदेश करण्याच्या अधिकाराने लिहीत नाही. सुमारे बारा वर्षांपूर्वी सालेकसा भागातील एक गृहस्थ गळ्याची गाठ घेऊन माझ्याकडे आले. गाठ दुखत नव्हती. मी गलगंड-ग्रंथीचा विचार करून कांचनार गुग्गुळ सुरू केला. पहिल्या महिन्यात गाठ लहान झाल्याचा भास त्यांना झाला आणि मलाही झाला. सात महिने गेले. सुईने पेशी काढून तपासण्याचा सल्ला मी पहिल्याच दिवशी द्यावयास हवा होता; तो मी सातव्या महिन्यात, गाठीशेजारी दुसरी गाठ हाताला लागली तेव्हा दिला. नागपुरात निदान झाले. अवटुचा कर्करोग मानेतील लसग्रंथींत पसरलेला होता. शस्त्रकर्म मोठे करावे लागले, किरणोत्सारी आयोडीनच्या मात्रा एकाहून अधिक वेळा घ्याव्या लागल्या. गृहस्थ वाचले; मात्र त्यांचा आवाज कायमचा घोगरा झाला. आजही बाजारात भेटले की त्याच घोगऱ्या आवाजात ते मला नमस्कार करतात. त्या नमस्काराने मला दरवेळी खाली पाहावयास लावले आहे.

माझ्या त्या चुकीत लबाडी नव्हती, केवळ आपल्या औषधावरील प्रेम होते. पण रुग्णाच्या अर्बुदाला वैद्याच्या हेतूशी काही कर्तव्य नसते. वाया गेलेला काळ हेतू शुद्ध होता म्हणून परत येत नाही. आता त्या प्रेमाच्या जोडीला रंगीत पत्रक आणि 'अमेरिकेत सिद्ध' हे शब्द आले, तर किती रुग्णांचे किती महिने जातील, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात हा विचार अधिकच निकडीचा आहे. विडी, तंबाखू आणि खर्रा यांमुळे आपल्या भागातील पुरुषांत मुखाचे कर्करोग अधिक आढळतात. त्यांवर शस्त्रकर्म आणि किरणोपचार हेच मुख्य उपाय होत. सुवर्णाचे किरणोत्सारी नॅनोकण अद्याप कोणत्याही कर्करोगाच्या नित्य उपचारात आलेले नाहीत. खेड्यातील रुग्णाला गोंदिया गाठणेच जड जाते, तेथून नागपूर लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटर. अशा रुग्णाची पहिली भेट बहुधा आपल्याशीच होते. त्याला पुढे पाठवावयाचे की थांबवून ठेवावयाचे, हा निर्णय आपल्या हातात असतो. म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

चिकित्सक बंधू-भगिनींनी मुखातील जो व्रण तीन आठवड्यांत भरत नाही, गळ्यातील किंवा स्तनातील जी गाठ नव्याने दिसते, तिच्या निदानाआधी दीर्घ चिकित्सा आरंभू नये. चिठ्ठी लिहून पाठवावे आणि त्या चिठ्ठीत आपण दिलेल्या औषधांची नावे स्पष्ट लिहावीत. यात कमीपणा मानू नये.

ज्यांना किरणोत्सारी आयोडीन घ्यावयाचे आहे त्यांना त्याआधी काही दिवस आयोडीन कमी असलेला आहार सांगितला जातो, कारण ग्रंथी आधीच आयोडीनने तृप्त असली तर औषध आत घेत नाही. अशा वेळी समुद्रलवण असलेले लवणभास्कर चूर्ण किंवा आयोडीनयुक्त मीठ मिसळलेले कोणतेही औषध आपल्याकडून दिले जाऊ नये. रुग्ण घेत असलेले प्रत्येक चूर्ण, भस्म, आसव त्या केंद्रास कळवावे व थांबविण्याचा कालावधी त्यांच्याकडून ठरवून घ्यावा. हा पथ्यापथ्याचाच विषय आहे आणि पथ्य पाळवून घेण्यात आपल्याइतका कुशल कोण?

उपचारानंतर रुग्ण घरी परततो तेव्हा गावात नाना शंका निघतात. त्याला हात लावावा की नाही, त्याच्या भांड्यात जेवावे की नाही, असे विचारले जाते. उपचाराच्या वेळी रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवतात आणि शरीरातील किरणोत्सार ठरावीक मर्यादेखाली आल्यावरच घरी सोडतात. त्यानंतरचे काही दिवस लहान मुले आणि गर्भिणी यांच्यापासून अंतर ठेवणे, पाणी भरपूर पिणे, रुग्णालयाने दिलेल्या सूचना पाळणे एवढे पुरेसे असते. गर्भिणीला हा उपचार देत नाहीत, आणि घेतलेल्या स्त्रीने किमान सहा महिने गर्भधारणा टाळावयाची असते. गावाने त्या कुटुंबाला वाळीत टाकल्यासारखे वागवू नये, हे वैद्याने सांगितले तर लोक ऐकतात. पुढे लालाग्रंथींची सूज, मुखशोष, अरुची, दौर्बल्य अशी लक्षणे उरतात. तेथे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या संमतीने आपल्या शास्त्राला करण्यासारखे पुष्कळ आहे. पुण्याजवळ वाघोली येथे आधुनिक उपचारांच्या जोडीने आयुर्वेदीय चिकित्सा देण्याचे कार्य गेली अनेक वर्षे चालू आहे. जोडीची ही जागा आपली आहे आणि ती सन्मानाची आहे.

औषधी दुकानदार आणि रसशाळाचालक यांना विनंती अशी की, १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा अधिनियम एकदा वाचून पाहावा. ज्या रोगांवर उपचार करण्याची जाहिरात करता येत नाही त्यांच्या अनुसूचीत कर्करोगाचे नाव आहे. जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रातलीच असे नव्हे. पत्रक, लेबल आणि वेष्टनही त्यात येतात, आणि जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणाराही दोषी ठरतो. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत आणि पुढच्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. प्रतिनिधीने आणून दिलेले पत्रक गल्ल्याजवळ ठेवताना हे लक्षात असू द्यावे. किरणोत्सारी द्रव्याचा प्रश्न तर आणखी वेगळा. त्याची निर्मिती, साठवण आणि वापर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीवाचून होऊ शकत नाही. तेव्हा "किरणोपचाराचा गुण असलेले सुवर्ण" असे कोणी विकावयास आणले, तर एक तर ते किरणोत्सारी नाही म्हणून दावा खोटा, किंवा ते किरणोत्सारी आहे म्हणून विक्री बेकायदा. तिसरा पर्याय संभवत नाही.

कायद्याच्या भीतीपेक्षाही एक मोठी गोष्ट आहे. सुवर्णभस्म हे आपल्या रसशास्त्राचे एक थोर रसायन आहे. क्षय, दौर्बल्य, मेधावर्धन अशा ज्या ज्या ठिकाणी आचार्यांनी ते सांगितले, तेथे त्याची प्रतिष्ठा शतकानुशतकांच्या अनुभवाने उभी राहिली आहे. त्याच्या नावावर एका रुग्णाने आयोडीनचा उपचार सोडला आणि कर्करोग उलटला, तर त्या घरात पुढील दोन पिढ्या आयुर्वेदाचे नाव कोणत्या शब्दांत निघेल, हे सांगावयास नको. उसन्या फलश्रुतीने त्याची प्रतिष्ठा वाढणार नाही. जी आहे तीही जाईल.

शिक्षक महाशयांना मी यांपैकी जेवढे समजेल तेवढे समजावून दिले. त्यांच्या पत्नी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एकच विचारले, "मग घरी आल्यावर मला तुमचं औषध घेता येईल ना?" मी म्हणालो, "अवश्य. आधी तो उपचार पुरा करून या, तिथल्या डॉक्टरांचा कागद आणा. मग मी आहेच." त्या जाऊन उपचार घेऊन आल्या. दिवाळीनंतर दोघे पुन्हा आले तेव्हा तोंडाला कोरड पडते आणि चव लागत नाही, एवढीच तक्रार होती. कागद पाहून, त्या केंद्राशी बोलून मी चिकित्सा सुरू केली.

ते पत्रक अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. नव्याने व्यवसायात आलेले तरुण वैद्य भेटावयास येतात तेव्हा ते मी त्यांच्यापुढे ठेवतो आणि यातील खरे कोणते, खोटे कोणते ते शोधा, असे सांगतो. आपल्या शाखांच्या मासिक सभांतूनही हा पाठ घेतला जावा, एवढी नम्र सूचना करून हे लेखन पुरे करतो.